खजुराचा मोदक आणि स्खिपोलवरून आलेला नारळ

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरच्या ग्रुपवर सध्या पेटलेला वाद म्हणजे यंदा गणपतीत मोदकाच्या सारणात काय घालायचं. दादाचं (माझा चुलतभाऊ, नुकतीच शुगर निघालीय) म्हणणं गूळ-खोबरं बंद, खजूर आणि भाजलेले ओट्स घाला, आणि पारी तांदळाची नको, नाचणीची करा. वर एक लांबलचक मेसेज की कोकणी माणसाचं शुगरचं दुखणं भात आणि नारळातून आलंय, आता तरी सुधरा. त्याखाली अर्ध्या घराचे अंगठे आणि नमस्कार. मी इथे नेदरलँड्समध्ये, उत्रेख्तला ऑफिसच्या कँटीनमध्ये ब्रोचे काअस (म्हणजे चीज घातलेला पाव) चावत तो वाचला आणि इतकी चिडले की दुपारची मीटिंग अर्धी कानावरून गेली.

पुरावा म्हणून त्याने आयसीएमआरच्या २०२३ साली आलेल्या सर्व्हेतला आकडा टाकलाय. गोव्यात डायबिटीस २६.४ टक्के, देशात सगळ्यात जास्त, देशाचा आकडा ११.४. तेरेखोलच्या पलीकडे गोवा, अलीकडे आपण, ताटात दोघांच्या तेच, मग अजून काय पायजे. अरे पण त्याच यादीत चंदीगड २०.४ आहे ना बाबा, तिथे कोण नारळाचं वाटप घालून आमटी करतं? ते तर रोटीवाले. मेसेजात केरळचंही नाव त्याने मुद्दाम घेतलं कारण तिथे नारळ आहे, चंदीगडचं घेतलं नाही. (मी केरळचं घेतलं नसतं, हे कबूल.)

आणि खजूर म्हणजे काय कोथिंबीर आहे? सुक्या खजुरात निम्म्याहून जास्त साखरच असते. खोबऱ्यात फॅट आहे, मान्य, पण साखर नावापुरती आणि चोथा भरपूर. म्हणजे यांनी काढून टाकला नारळ आणि ठेवलं गोड. आहे की नाही मज्जा!

हे आमच्याकडे नवीन नाही. २०१८ च्या सुमारास अख्ख्या महाराष्ट्रात डाएट कुणाचं पाळायचं, दीक्षित की दिवेकर, चाललं होतं तेव्हा आमच्या घरात दादा दीक्षितांचा, दिवसातून दोनदा पंचावन्न मिनिटांत जेवण उरकणारा, आणि वहिनी दिवेकरांची, दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकणारी, आणि स्वयंपाक दोघांचाही तीच करायची. तेव्हापासून आमच्याकडे जेवायला बसलं की आधी अपराधी वाटतं, मग भूक लागते. आणि अपराधी वाटायचं कशाचं, तर पेजेचं, सोलकढीचं, घावण्याचं. संध्याकाळच्या चहाबरोबर बेकरीतून आलेली खारी, बटर, फरसाणाची पिशवी, त्याबद्दल एक अवाक्षर नाही. आजोबा भात खायचे तो लाल उकडा, आणि तो खाऊन दिवसभर भाताच्या कुणग्यात नाहीतर माडावर. आता कोलम येतो घाटावरून, आणि दादा कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला स्कूटर काढतो. पण दोष नारळाचा.

इथली माणसं बघा. सकाळी पावावर लोणी, वर हाखेलस्लाख, म्हणजे चॉकलेटचा भुरका, आणि ते पोरांनाच नाही, बँकेतले मॅनेजर खातात. तोंडावर अपराधीपणाचा लवलेश नाही. खातात, सायकलवर बसतात, वाऱ्यात पाऊण तास तंगड्या मारतात, सहाला जेवून मोकळे. इथेही जवळजवळ अर्ध्या मोठ्या माणसांचं वजन जास्तच आहे, पण तो विषय वेगळा. सांगायचं इतकंच की रोज ताटावर खटला भरत नाहीत.

माझं विचाराल तर माझी फास्टिंग शुगर मागच्या वेळी ६.३ आली. तिकडच्या हिशोबात ११३. वजनाच्या काट्यावर मी बीएमआय २४, हाउसआर्ट्स (इथली फॅमिली डॉक्टर) म्हणाली प्रिमा, काही काळजी नाही. पण आशियाई माणसासाठी २३ च्या वर गेलं की सावध म्हणतात, म्हणजे मी वेंगुर्ल्यात जाडी आणि उत्रेख्तमध्ये बारीक. पुण्याच्या डॉ. याज्ञिकांचा २००४ सालचा लॅन्सेटमधला तो फोटो मी तिला दाखवला सुद्धा, ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन शेजारी शेजारी उभे, बीएमआय दोघांचा २२.३, पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. ती म्हणाली इंटरेसांट, आणि भात कमी करा म्हणून सांगितलं. म्हणजे फिरून दादाच्याच पंगतीत बसवलं की मला.

तर मी इथे आठवडाभर शहाण्यासारखी खाते. मसूर, ब्रोकोली, क्वार्क (इथलं घट्ट दह्यासारखं). आणि नोव्हेंबरात पाचला अंधार पडला, खिडकीवर पाऊस आडवा मारायला लागला की मला तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं पायजे म्हणजे पायजे. मग तोकोमधला (इथलं आशियाई वाणसामानाचं दुकान) फ्रोझन बांगडा, बॅगेतून आणलेली तिरफळं, डब्यातलं नारळाचं दूध आणि कोकमाचं आगळ यांची कढी, आणि कुकरभर भात. सोमवारचा बुधवारचा असा हिशोब त्या रात्री नसतो. पोट तर दुसऱ्या वाढीलाच भरलेलं असतं, मी खात असते ते दुसऱ्याच कशासाठी तरी, म्हणजे मी अजून तिकडचीच आहे ना हे तपासायला म्हणा. तिकडच्यांना हे तपासावं लागत नाही, म्हणून त्यांना नारळ सोडणं सोपं जातं.

बरं, आणखी एक. २०१९ च्या डिसेंबरपासून युरोपात बाहेरून फळं आणायची तर सर्टिफिकेट लागतं, आपला हापूस बॅगेत घालून आणता येत नाही. सूट फक्त पाच फळांना, अननस, केळं, खजूर, ड्युरियन आणि नारळ. म्हणजे स्खिपोलवर, इथल्या विमानतळावर, माझ्या बॅगेतल्या नारळाला कागद मागत नाहीत आणि वेंगुर्ल्यात माझ्याच घरात त्याला बंदी. हे मी ग्रुपवर लिहिलं. काकांनी लगेच लिहिलं की त्या यादीत खजूर पण आहे. आमच्याकडची माणसं हुशार असतात, हाच त्रास आहे.

शेवटी आईला फोन लावला, म्हटलं ती तरी माझ्या बाजूने असेल. ती म्हणाली, "गो बाय, माजे गुडगे बघ, वहिनीचे हात बघ. इतके नारळ खवतलो कोण? तू येतलंस काय थंयसून?" मी म्हटलं येईन की. ती हसली. गणपतीतली तिकिटं किती चढतात ते मला माहीत आहे आणि तिला पण. खरं तर मोदक वळताना माझ्या पाकळ्या कधी पाचाच्या वर गेल्याच नाहीत, आणि ग्रुपवर मीच सगळ्यात मोठ्याने बोलतेय. दादा निदान खवायचं काम तरी वाचवतोय, भले कारण शुगरचं सांगतोय.

तरी ओट्स नाही म्हणजे नाही. मग मी लिहिलं की नैवेद्याचे एकवीस गावातल्या बचत गटाच्या बायकांकडून करून घ्या, गूळ-खोबऱ्याचेच, पैसे मी पाठवते, बाकी काय नाचणीचा प्रयोग करायचा तो करा. दोन मिनिटांत दादाचं उत्तर, "पैशाचा प्रश्न नाही." मग कशाचा आहे ते लिही, म्हटलं, तर निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. वहिनीने मात्र बाजूला मला एकटीला विचारलंय, ऑर्डर किती दिवस आधी द्यावी लागते.