पेंडीचं वजन

दर महिन्याच्या 12 तारखेला किरकोळ महागाईचा आकडा येतो आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला ऊत येतो. ऑक्टोबर 2025 चा आकडा 0.25 टक्के आला तेव्हा तर विचारूच नका. आत्याचा पहिला मेसेज: "पाव टक्का? कुठल्या बाजारात जातात गं हे लोक? मलापण पत्ता दे, पिशवी घेऊनच निघते." खाली डझनभर हसून लोळणारे चेहरे.

मी गप्प बसले. कारण त्या बाजारात मी साडेतीन वर्षं जात होते. फक्त हातात पिशवी नसायची, शेड्यूल असायचं, म्हणजे भाव भरायचा तक्ता.

ही महागाई ज्यावरून काढतात त्या ग्राहक किंमत निर्देशांकासाठी भाव गोळा करणं हे माझं काम. कंत्राटी. शहराचं नाव सांगत नाही, कारण कुठली दुकानं नमुन्यात आहेत हे गुप्त ठेवायचं असतं. 2012 पायाभूत वर्षाच्या, म्हणजे त्या वर्षाच्या भावांशी तुलना करणाऱ्या, मालिकेत देशभरातल्या 310 शहरांतले 1,114 बाजार आणि 1,181 गावं होती. त्यातल्या एका बाजाराच्या काही गल्ल्या माझ्या. पश्चिम महाराष्ट्र, एवढं पुरे.

लोकांना वाटतं, दुकानात जायचं, "तूरडाळ कशी?" विचारायचं, लिहायचं, झालं. पण भाव हा नुसता आकडा नसतो. कुठला माल, किती माप आणि कुठल्या दुकानातला, हे जोडलं तरच तो भाव. तूरडाळ सुटी की पाकिटातली, प्रत कुठली. शर्ट असेल तर कापड काय, बाही अर्धी की पूर्ण, ब्रँड कुठला. मागच्या महिन्यात जो माल ज्या दुकानातून लिहिला, तोच माल त्याच दुकानातून परत लिहायचा. एका दुकानात आमच्या यादीतली बनियन कंपनीने बंदच केली. दुकानदार बिचारा मदतीला आला, "मॅडम, त्याच्यापेक्षा भारी ही आलीय, हिचा लिहा की." नाही लिहिता येत. भारी बनियनचा भाव साध्या बनियनच्या ओळीत गेला तर प्रतीतला फरक महागाई म्हणून वर जातो. त्याच्याशी मिळताजुळता माल शोधायचा, पर्याय म्हणून तशी नोंद करायची, कारण लिहायचं. एका बनियनसाठी माझी अर्धी सकाळ गेलीय.

आणि भाजी! आमच्याकडे पालेभाजी पेंडीवर जाते. कोपऱ्यावरच्या मावशींकडे मेथीची पेंडी 15 ला. पुढच्या महिन्यात गेले, 15 लाच. मावशी म्हणाल्या, "तोच हाय भाव, ल्हिवा." मी म्हटलं, जरा काट्यावर ठेवता का? त्यांनी अशा नजरेनं बघितलं, की जणू मी त्यांच्या खरेपणावर बोट ठेवलं. पेंडी ठेवली. मागच्या खेपेला 240 ग्रॅम भरली होती, आता 150. म्हणजे किलोला साडेबासष्टवरून थेट शंभर. पंधराचे पंधराच, आणि मेथी 60 टक्क्यांनी महाग. मावशींनी काही फसवलं नव्हतं. पाऊस लागून राहिला होता, माल कमी येत होता, आणि गिऱ्हाईक "पंधरा"ला सरावलेलं असतं म्हणून पेंडी बारीक झाली. बिस्किटाचा दहाचा पुडा काय वेगळं करतो? फक्त पुड्यावर ग्रॅम छापलेले असतात, आणि ते वाचायला चष्मा लागतो.

तेव्हापासून मला जगातली सगळ्यात धोकादायक चार अक्षरं माहीत आहेत. "मागचाच."

दुकानात गिऱ्हाईकं उभी, गल्ल्यावर मालक, आणि काही विकत न घेणारी ही बाई दहा मालांचे भाव विचारतेय. पहिले दोन महिने एकाला मी जीएसटीकडून आलेय असंच वाटत होतं. दुकानदाराच्या जागी मी असते तरी म्हणाले असते, "मागचाच लिहा ना ताई." आणि भाव घेणारी उन्हात आठवं दुकान करत असेल, प्रवासाचे पैसे एजन्सीकडून तीन-तीन महिने आलेले नसतील, तर तिची बोटंही पटकन "मागचाच" लिहायला धावतात. मी कधीच लिहिला नाही असं छातीठोकपणे सांगणार नाही. एकदा पायताणाच्या दुकानात लिहिला. नंतर रात्रभर चुटपुट लागली, दुसऱ्या दिवशी परत गेले, आणि भाव खरोखर मागचाच निघाला. हसू नका.

म्हणून "दिल्लीत बसून आकडे फिरवतात" असं कुणी म्हटलं की मला दिल्लीची नाही, गल्लीची काळजी वाटते. भाव घेणाऱ्या माणसाला वेळ, पगार आणि मान किती मिळतो, यावर आकड्याचा खरेपणा टिकतो, असं माझं स्पष्ट मत आहे. यावर मात्र कुणी मीम करत नाही.

19 मार्च 2020 पासून बाजारात जाऊन भाव घेणं थांबलं. मग फोनवर, जमेल तेवढं. एक किराणावाले म्हणाले, "ताई, शटर खाली, माल संपला, भाव कसला सांगू?" विकलंच जात नाही त्याचा भाव काय लिहायचा, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या एप्रिल-मे महिन्यांचा आकडा नेहमीसारखा जाहीर झाला नाही, नंतर अंदाजाने भरून काढला गेला. मला त्यात प्रामाणिकपणा दिसला. नव्हतं, तर नव्हतं.

आता आत्याचा पाव टक्का. हा दर आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात. ऑक्टोबर 2024 मध्ये तो 6.21 टक्के होता, भाजी तेव्हा कडाडली होती. वर्षाने भाजीपाला त्या उंचीवरून 27 टक्क्यांहून जास्त उतरला आणि त्याने सगळा आकडा खाली ओढला. दर उतरला याचा अर्थ सगळं स्वस्त झालं असा नाही. शिवाय तो आकडा देशातल्या सरासरी घराचा. त्या मालिकेतली टोपली, म्हणजे भाव मोजायच्या वस्तूंची यादी, 2011-12 च्या खर्चावर बांधलेली. तिच्यात खाण्यापिण्याला जवळजवळ 46 टक्के वजन, म्हणजे खर्चातला हिस्सा, आणि शिक्षणाला 4.46. माझा भाऊ दोन मुलांच्या फिया भरतो, त्याला तो आकडा परका वाटणारच. टोपली जुनी झाली होती हेही खरं, तिच्यात कॅसेट आणि टेपरेकॉर्डरसुद्धा होते. 2024 पायाभूत वर्षाची नवी मालिका आणायची गरज होतीच.

पण टिंगल करणाऱ्यांना मी मुंबईच्या गिरणी कामगारांची आठवण करून देते. त्यांचा महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला होता, त्यामुळे निर्देशांक कमी दाखवला जातोय असं वाटल्यावर ते नुसते हसत बसले नाहीत. 1963 मध्ये कामगार संघटनांनी रान उठवलं, सरकारला प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली, 1964 मध्ये अहवाल आला आणि निर्देशांकातली खोट मान्य झाली. आकडा कसा बनतो, हे विचारायचं कामगारांना सुचलं होतं. आपल्याला इमोजी सुचतात.

गंमत म्हणजे आत्या निवृत्त शिक्षिका. जानेवारी आणि जुलै आला की हीच विचारते, "भत्ता किती टक्के वाढणार गं?" तो भत्ता ज्यावर ठरतो तो औद्योगिक कामगारांचा वेगळा निर्देशांक, केंद्र सरकारच्या लेबर ब्युरोचा, 88 केंद्रांवरून भाव घेऊन काढलेला. पण तिथेही कुणीतरी कुठल्यातरी दुकानात वही घेऊन उभं असतंच.

शेवटी हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "ते असू दे. आमच्या इथं मेथीची पेंडी वीसला झालीय."

"किती वजनाची?"

"अगं, पेंडीचं वजन कोण करतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर तिचा फोटो आला. स्वयंपाकघरातल्या केक करायच्या काट्यावर मेथीची पेंडी, रबरासकट. 165 ग्रॅम. खाली लिहिलं होतं, "मुळं कापून 120. कुठला लिहायचा?"