निमिट्झ यांच्या तोंडी घातलेल्या ‘तीन चुका’

“जपान्यांनी तीन घोडचुका केल्या, नाहीतर देवच अमेरिकेची काळजी घेत होता.” हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर जपाननं 7 डिसेंबर 1941 ला विमानांनी केलेल्या हल्ल्याबद्दलचा हा फॉरवर्ड अमेरिकी ॲडमिरल निमिट्झ यांच्या नावावर वर्षानुवर्षं फिरतोय. परवा भाचीच्या शाळेत परिपाठाला ‘सकारात्मक दृष्टिकोन’ म्हणून तो वाचून दाखवला गेला आणि तिनं तो वहीत सुंदर अक्षरात उतरवूनही घेतला. तेव्हा आता एकदाचं लिहितोच.

गोष्ट अशी सांगतात: 7 डिसेंबर 1941 ला निमिट्झ वॉशिंग्टनमध्ये संगीताच्या कार्यक्रमात होते, तिथेच रूझवेल्ट यांचा फोन आला आणि पॅसिफिकच्या आरमाराची सूत्रं त्यांच्याकडे आली. ख्रिसमसला त्यांनी होडीतून पर्ल हार्बर पाहिलं आणि होडीवाल्याला जपान्यांच्या तीन चुका सांगितल्या. एक, हल्ला रविवारी केला, दहापैकी नऊ खलाशी किनाऱ्यावर होते. दोन, गोद्यांवर बॉम्ब टाकले नाहीत. तीन, पॅसिफिकमधल्या तेलाचा थेंब न् थेंब पाच मैलांवर डोंगरापलीकडे उघड्या टाक्यांत होता आणि एका विमानाच्या गोळ्यांनी तो जळाला असता.

फोनचं पटकन उरकतो. निमिट्झ त्या दुपारी घरीच रेडिओवर कार्यक्रम ऐकत होते. नेमणूक कळली 16 डिसेंबरला, नौदलमंत्री नॉक्स यांच्याकडून. 25 ला ते पोचले आणि 31 ला ग्रेलिंग या पाणबुडीच्या डेकवर सूत्रं घेतली.

पहिली ‘चूक’ तर पाचवीच्या गणितात नापास होते. हल्ल्यात बुडालेल्या ॲरिझोना या युद्धनौकेवर एकूण पट दीड हजाराच्या आसपास. दहापैकी नऊ बाहेर असते तर जहाजावर उरले असते दीडशे. त्या एका जहाजावर मेले 1,177. शिवाय फॉरवर्ड म्हणतो 3,800 मेले. मृत 2,403, जखमी 1,178. दोन्हींची बेरीज करून वर थोडं तूप ओतलं की 3,800 होतात.

दुसरी. एक नंबरच्या कोरड्या गोदीत पेनसिल्व्हेनिया ही युद्धनौका होती, तिच्यापुढे कॅसिन आणि डाऊन्स या दोन विनाशिका. तिघींवर बॉम्ब पडले, विनाशिकांचा कोळसा झाला. तरंगत्या गोदीत शॉ ही आणखी एक विनाशिका होती. तिच्या दारूकोठाराच्या स्फोटाचा फोटो पर्ल हार्बरवरच्या अर्ध्या पुस्तकांत असतो. गोदीही बुडाली. ‘एकही बॉम्ब नाही’ म्हणणाऱ्यानं तो फोटो कुठला म्हणून पाहिला असेल कोण जाणे. दुरुस्तीची यंत्रणा बरीचशी वाचली आणि तिचा पुढे फार उपयोग झाला, एवढं मात्र खरं.

आता तिसरी. लोकांना खरी हीच आवडते, कारण ती ऐकायला शहाणपणाची वाटते.

टाक्या पाच मैलांवर डोंगराआड नव्हत्या. ऑक्टोबर 1941 च्या हवाई छायाचित्रात त्या पाणबुडी तळाच्या अगदी शेजारी दिसतात. एक तर इमारत वाटावी म्हणून रंगवलेली आहे. डोंगर आला तो जवळच्या रेड हिल या टेकडीमुळे. तिथे जमिनीखाली 20 प्रचंड टाक्या खोदायचं काम डिसेंबर 1940 मध्येच सुरू झालं होतं, म्हणजे हल्ल्याच्या वर्षभर आधी. टाक्या उघड्यावर आहेत हे नौदलाला कुणी होडीतून दाखवायची गरज नव्हती.

‘एका विमानाच्या गोळ्या’ हे त्याहून वाईट. टाक्यांत मुख्यतः होतं ते बॉयलरचं जाड, काळं भट्टी-तेल. त्याची वाफ ठिणगीनं पेट घ्यायला तेल आधी 60 अंश सेल्सिअसच्या वर तापावं लागतं. पेट्रोल शून्याखालीसुद्धा पेटतं. भट्टी-तेलाच्या टाकीला गोळीनं भोक पडलं तर तेल टाकीभोवतीच्या मातीच्या बांधात गळून साचतं. झीरो या जपानी लढाऊ विमानाच्या प्रत्येक 20 मिमी तोफेला गोळ्या होत्या 60. तेवढ्यात अख्खा टाकी-तळ पेटवायचा म्हणजे काडेपेटीतल्या एका काडीनं ओलं सरपण पेटवण्यासारखं आहे. टाकी-टाकीवर बॉम्ब टाकून मोठी आग लावता आली असती, हो. पण ते काम अनेक विमानांचं.

आता नाइलाजानं एक कबुली. साठा सुमारे 45 लाख बॅरलचा होता आणि तो गेला असता तर युद्ध दोन वर्षं लांबलं असतं, असं खुद्द निमिट्झ यांचंच युद्धानंतरचं म्हणणं सांगितलं जातं. नुकसान भयंकर झालं असतं यात वाद नाही. पण ‘थेंब न् थेंब’ नव्हे. तेल कॅलिफोर्नियातून जहाजांनी यायचं, आणि अडत होतं ते तेलापाशी नाही, जहाजांपाशी.

ही जहाजं म्हणजे सिमरॉन वर्गाचे वेगवान टँकर, तेलवाहू जहाजं. साधे व्यापारी टँकर तेव्हा 10-12 नॉटनं (ताशी तितके सागरी मैल) चालायचे. आरमाराबरोबर त्यांना धावता येत नव्हतं. म्हणून 1938 मध्ये अमेरिकेच्या मेरिटाइम कमिशननं स्टँडर्ड ऑइलशी व्यवहार केला: बारा टँकर बांधा, जास्तीच्या इंजिनाचा खर्च सरकार देईल, गरज पडली की जहाजं नौदलाची. लांबी 553 फूट, दोन पंखे, स्टीम टर्बाइन 13,500 अश्वशक्तीच्या, वेग 18 नॉट, पोटात सुमारे 1 लाख 46 हजार बॅरल. पहिलं जहाज सिमरॉन मार्च 1939 मध्ये नौदलात आलं, ऑगस्टमध्ये निओशो. हे जहाज इतकं उपयोगी निघालं की 1942 मध्ये बारापैकी चारांवर धावपट्टी चढवून त्यांच्या छोट्या विमानवाहू नौका केल्या. टँकरवाल्यांच्या दृष्टीनं तो तोटाच.

हिशोब करा. 45 लाख भागिले 1.46 लाख म्हणजे 31 खेपा. कॅलिफोर्निया ते हवाई सव्वादोन हजार सागरी मैलांच्या आसपास; 16 नॉटनं एका बाजूला सहा दिवस. चढवणं-उतरवणं धरून एका फेरीला दोन आठवडे. म्हणजे टाक्या पुन्हा भरता आल्या असत्या, पण तेवढा वेळ एकही वेगवान टँकर आरमाराच्या मागे उरला नसता. टाक्या जळाल्या असत्या तर खरी किंमत ही होती, आणि फॉरवर्डमध्ये नेमकी हीच नाही.

आरमाराच्या मागे टँकर का लागतो? विनाशिकेच्या टाक्या लहान. पूर्ण वेगानं पळवली तर काही दिवसांत तळ दिसतो. म्हणून समुद्रात, चालता चालता भरावं लागतं. टँकर 10-12 नॉटवर सरळ रेषेत चालत राहतो. घेणारं जहाज बाजूला येतं, साठ-सत्तर फुटांवर. बंदुकीनं बारीक दोरी पलीकडे उडवतात, तिला बांधून जाड दोर, त्यामागून टेलिफोनची तार आणि अंतराची दोरी, जिच्यावर ठरावीक फुटांवर रंगीत फडकी लावलेली असतात. सुकाण्यापाशी उभा अधिकारी तीच बघत असतो. शेवटी बूमला, म्हणजे बाहेर काढलेल्या आडव्या दांड्याला, टांगलेला होज खोगिरासारख्या आधारांवरून सरकत जातो, जोडला जातो आणि पंप सुरू होतो. संपल्यावर हवेनं होज रिकामा करून परत ओढतात.

बिघडतं ते दोन्ही बाजूंनी. दोन जहाजं शेजारून चालली की मधल्या चिंचोळ्या पाण्याचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि मधले भाग एकमेकांकडे ओढले जातात; पुढच्या टोकांना मात्र पाणी बाहेर ढकलतं. सुकाणू दोन-तीन अंशांनी चुकलं तर जहाजं घासतात. घाबरून दूर वळलं तर होज फाटतो आणि डेकवर तेलाचा चिखल. म्हणून वेळ आली तर दोर तोडायला दोरांपाशी कुऱ्हाड घेऊन माणूस उभा असतो.

आता पॅसिफिकमधलं अमेरिकेचं वेक बेट, ज्यावर जपान चालून आला होता. डिसेंबर 1941 मध्ये त्याच्या मदतीला साराटोगा या विमानवाहू नौकेचा ताफा निघाला. सोबत टँकर नेचेस, 1920 सालचा, जेमतेम 13 नॉट. सगळा ताफा त्याच्या चालीनं. 22 डिसेंबरला उसळत्या समुद्रात विनाशिका भरायला घेतल्या. दोर तुटले, होज फाटले, दिवस गेला. 23 ला वेक जपान्यांच्या हाती पडलं. ताफा परत बोलावण्याचा निर्णय आरमाराचे हंगामी प्रमुख ॲडमिरल पाय (Pye) यांचा, आणि पोचला असता तरी बेट वाचलंच असतं असं कुणी छातीठोक सांगू नये. पण त्या दिवशी पर्ल हार्बरच्या टाक्यांत 45 लाख बॅरल शाबूत होते. महिनाभरानं, 23 जानेवारी 1942 ला, नेचेस जपानी पाणबुडीनं बुडवला, आणि लेक्सिंग्टन या विमानवाहू नौकेचा वेकवरचा हल्ला तेवढ्यानं रद्द झाला. एका टँकरपायी.

आणि हे सगळं कुणाच्या नावावर खपवतात? 1917 मध्ये मॉमी या टँकरवर दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी असताना ज्यांनी अटलांटिकमध्ये चालत्या विनाशिकांना तेल दिलं, 1939 मध्ये मोठ्या जहाजांवर तेच प्रयोग केले, त्या निमिट्झ यांच्या. त्यांना तेलाच्या टाक्या होडीवाल्यासमोर सुचाव्यात!

जपान्यांनी तेलाबाबत काही सोडलंच असेल तर ते पर्ल हार्बरमधल्याच फोर्ड बेटाच्या धक्क्यावर होतं. 7 डिसेंबरला सकाळी निओशो तिथे, बॅटलशिपांच्या रांगेतच, उभा होता. त्याच्याच अहवालानुसार 7:50 ला विमानाचं पेट्रोल उतरवून झालं होतं. नुकत्याच रिकाम्या झालेल्या पेट्रोलच्या टाकीत वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं. भरलेल्या टाकीपेक्षा ते जास्त धोक्याचं. कॅप्टन फिलिप्स यांनी 8:42 ला जहाज हलवून रांगेतून बाहेर काढलं.

पेट्रोल आणि भट्टी-तेल यांतला फरक या वर्गानं पुढे स्वतःच दाखवला. 20 नोव्हेंबर 1944 ला पॅसिफिकमधल्या उलिथी बेटांच्या खाजणात याच वर्गाच्या मिसिसिनेवावर कैतेन, म्हणजे माणूस आत बसून चालवायचा जपानी आत्मघाती टॉर्पेडो, आदळला. पोटात चार लाख गॅलन विमानाचं पेट्रोल होतं. जहाज पेटून बुडालं, 63 माणसं गेली. निओशोवर 7 मे 1942 ला कोरल समुद्रात वेळ आली. जपानी टेहळ्यांनी त्याला विमानवाहू नौका समजून कळवलं आणि 78 विमानं पाठवली गेली. सोबतची विनाशिका सिम्स लगेच बुडाली. निओशोला सात बॉम्ब लागले, वर एक विमानही कोसळलं. आगी लागल्या, इंजिनाची वाफ गेली, जहाज कललं. पण आदल्याच दिवशी विमानवाहू नौका यॉर्कटाऊन आणि क्रूझर ॲस्टोरिया भरून दिल्यानं टाक्या बऱ्याच रिकाम्या होत्या, आणि जे होतं ते भट्टी-तेल. चार दिवस ते तरंगत राहिलं. 11 मे ला अमेरिकी विनाशिका हेन्ले आली, दोन्ही जहाजांची मिळून 123 माणसं उतरवून घेतली, आणि मग टॉर्पेडो आणि तोफा डागून निओशो तिलाच बुडवावा लागला.