क्वाइट बरं

आमच्या हिच्या भडंगाला एकदाच मोक्याचा क्षण येतो. तेलातला लसूण तांबूस झालेला असतो, अजून काळा पडलेला नसतो. तेवढ्यात शेंगदाणे, कढीपत्ता आणि हळद पडली पाहिजे. (हळद अर्थात सांगलीची, २०१८ पासून भौगोलिक मानांकनवाली.) त्या क्षणी घरात कुणी ब्र काढायचा नाही. असं दोन किलो भडंग घेऊन लेक लंडनला गेली.

आठवड्याने फोन आला. "आई, ऑफिसातल्या इंग्रज मॅडमनी खाल्लं. 'क्वाइट नाइस' म्हणाल्या!"

ही दोन शेजारणींना सांगून आली. रात्री ताट वाढताना मला म्हणाली, "अहो, क्वाइट म्हणजे किती ओ?"

मुकाट्याने "लई" म्हणून मोकळं व्हायचं! पण जन्म कारकुनीत गेलेला. मी डिक्शनरी काढली.

क्वाइटचा जुना अर्थ 'पुरतं, अगदी'. 'बऱ्यापैकी' हा अर्थ मागाहून राहायला आला. पण जुन्या भाडेकरूने खोली सोडलेली नाही. अमेरिकन माणूस 'क्वाइट गुड' म्हणाला तर बहुधा कौतुक असतं. इंग्रज म्हणाला तर कुठल्या शब्दावर दाबून बोलला ते बघायचं. जोर 'गुड'वर असेल तर खूश व्हावं, 'क्वाइट'वर असेल तर समजून घ्यावं. पुढे 'इम्पॉसिबल'सारखा टोकाचा शब्द आला की पुन्हा 'अगदी'. आणि फ्यू म्हणजे थोडे, पण 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे बरेच!

हे सगळं मी मोठ्याने वाचून दाखवलं. अक्कल गहाण, दुसरं काय.

"म्हणजे भडंग नुसतं बरं झालं होतं?"

'बरं' हा शब्द आमच्या घरात लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून बंद आहे. हिने भरलं वांगं केलं होतं आणि मी "बरं झालंय" म्हणालो होतो. आमच्या तासगावाकडे ही तारीफ झाली. हिच्या माहेरी तापातून उठलेल्या माणसालाच बरं म्हणतात.

रात्री ११ वाजता लेकीला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसहा.

"अगं, मॅडमनी जोर कशावर दिला होता? क्वाइटवर का नाइसवर?"

"बाबा, त्या तेव्हा पाणी पीत होत्या. 'क्वाइट स्पायसी'पण म्हणाल्या."

फोन स्पीकरवर होता. हिने ऐकलं. "बऱ्यापैकी तिखट का पुरतं तिखट?" मी डिक्शनरीकडे पाहिलं, हिने माझ्याकडे.

आमच्या पेठेतल्या एका वाचनालयात पेंटरने 'कीप क्वाइट'मधला टी आधी काढलाय आणि ई मागून. मी वर्षानुवर्षं त्याला हसत आलो. परवा कळलं, शांततेचा क्वाएट आणि हा क्वाइट, दोघांचं मूळ एकाच लॅटिन शब्दात. पेंटरची मनातल्या मनात माफी मागितली.

आज सकाळी भरलं वांगं होतं. ही समोर बसली. "कसं झालंय?"

मी घास चावत राहिलो. क्वाएट. ई आधी, टी शेवटी.