पासवर्ड बदलला, पण लिनक्सला सांगणार कोण?

राउटरचा वाय-फाय पासवर्ड बदलला की घरातले फोन मुकाट नवा पासवर्ड विचारतात. आमचा लिनक्सवाला लॅपटॉप मात्र नुसतं चक्र फिरवत बसतो! नेटवर्कमॅनेजरने (लिनक्समध्ये नेट जोडून देणारा प्रोग्राम) जुना पासवर्ड प्रोफाइलमध्ये जपून ठेवलेला असतो. साहेब तोच पुन्हापुन्हा राउटरच्या तोंडावर मारतात. मग 'ॲक्टिव्हेशन ऑफ नेटवर्क कनेक्शन फेल्ड'. अरे, पासवर्ड चुकलाय एवढं सांगायला तुझं काय जातं? उपाय शोधावा, तर नेटच नाही. फोनवर बघावं, तर कुणी म्हणतं ड्रायव्हर टाक, कुणी म्हणतं कर्नल बदल. डोंबल! सेटिंग्जमध्ये 'फरगेट' दाबायचं (टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करणाऱ्यांनी 'एनएमसीएलआय कनेक्शन डिलीट' आणि पुढे नेटवर्कचं नाव) आणि नव्याने जोडायचं, बस्स. एवढं करून जोडलं, की वर कीरिंगची (पासवर्ड जपून ठेवणाऱ्या कुलूपबंद पेटीची) चौकट उगवते: पासवर्ड द्या. आता हा कुठला?