कारखाना गेला म्हणजे सवलत कमी पडली?

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता हा भारतीय उद्योगसमूह आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणारी तैवानी कंपनी फॉक्सकॉन यांचा १.५४ लाख कोटी रुपयांचा सेमीकंडक्टर (चिप) प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत होणार असे जाहीर झाले. तेव्हापासून एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जो जास्त सवलत देतो त्याच्याकडे परदेशी कारखाना जातो, सवलतीने सरकारचे काही जात नाही, कारण कारखाना आलाच नसता तर करही मिळाला नसता, आणि अटी घालत बसलो, पर्यावरणाचे नियम काढत बसलो, तर गुंतवणूकदार शेजारच्या राज्यात जातो. हे म्हणणे रोजगाराच्या खऱ्या काळजीतून आलेले आहे, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

पहिले विधान ज्या उदाहरणावर उभे आहे, ते उदाहरणच त्याच्या विरोधात जाते. केंद्राच्या ७६,००० कोटींच्या सेमीकंडक्टर योजनेतून मिळणारे अर्थसाहाय्य प्रकल्प कोणत्याही राज्यात उभारला तरी सारखेच होते, आणि गुजरातने वर स्वतःचे वेगळे सेमीकंडक्टर धोरणही आणले होते. तरीही १० जुलै २०२३ रोजी फॉक्सकॉनने या भागीदारीतून अंग काढून घेतले. चिप बनवण्याचे तंत्रज्ञान पुरवणारा भागीदारच शेवटपर्यंत पक्का झाला नव्हता, आणि ती उणीव कोणत्याही सरकारी पैशाने भरून निघणारी नव्हती. जे एक लाख रोजगार महाराष्ट्राने गमावले असे सांगितले जाते, ते या जोडीकडून गुजरातलाही मिळाले नाहीत.

याउलट फोक्सवॅगनचे पाहा. २००५ च्या सुमारास आंध्र प्रदेश सरकार ही कंपनी विशाखापट्टणमला यावी म्हणून अतिशय उत्सुक होते. कंपनीने मात्र चाकण निवडले आणि २००९ मध्ये तेथे कारखाना सुरू केला. सवलती महाराष्ट्रानेही दिल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पिंपरी-चिंचवड परिसरात टाटा आणि बजाज यांच्याभोवती चार दशके वाढलेले सुटे भाग बनवणारे लघुउद्योग, वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआयसारखी संस्था आणि आयटीआयमधून बाहेर पडणारे कुशल कामगार, हे सारे दुसऱ्या राज्याला एका शासन निर्णयाने उभे करता येत नाही.

आता सवलत फुकट असते या समजाकडे वळू. करमाफीपुरते क्षणभर तसे वाटूही शकते, परंतु भांडवली अनुदान म्हणजे तिजोरीतून बाहेर जाणारी रोकड असते. गुजरातमधील साणंद येथे मायक्रॉन या अमेरिकी कंपनीच्या चिप प्रकल्पाचा खर्च २२,५१६ कोटी रुपये असून त्यातील ५० टक्के केंद्र आणि २० टक्के गुजरात सरकार देणार आहे. ही रक्कम सुमारे १५,७६० कोटी होते. कंपनीने सांगितलेले थेट रोजगार ५,००० आहेत, म्हणजे एका नोकरीमागे तीन कोटींहून अधिक सार्वजनिक पैसा. अप्रत्यक्ष १५,००० रोजगार धरले तरी हा आकडा ७९ लाखांच्या आसपास राहतो. देशात चिप उद्योग रुजवण्यासाठी एवढी किंमत मोजावी असे कोणी म्हणत असेल तर त्यावर गंभीर चर्चा होऊ शकते. मात्र किंमतच नाही, असे म्हणता येत नाही.

शिवाय करमाफीचे आकर्षणही आता पूर्वीचे राहिलेले नाही. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के कर असावा, असे २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी ठरवले. यजमान देशाने यापेक्षा कमी कर घेतला, तर उरलेला कर कंपनीचा मूळ देश वसूल करू शकतो. तसे होऊ नये, म्हणून करसवलतींच्या बळावर कारखाने आणणाऱ्या व्हिएतनामनेही १ जानेवारी २०२४ पासून हा किमान कर स्वतःच लागू केला.

सवलतीने आलेला उद्योग टिकतो का, हा प्रश्न फिरणाऱ्या मजकुरात कुठेच नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला नोकियाने २००६ मध्ये मोबाइल संचांचे उत्पादन सुरू केले. तामिळनाडू सरकारने जमीन दिली, विक्रीकराच्या परताव्याचा करार केला आणि विशेष आर्थिक क्षेत्राच्या सवलती होत्याच. भरभराटीच्या काळात तेथे सुमारे आठ हजार लोक थेट नोकरीत होते. त्यांत आसपासच्या जिल्ह्यांतून आलेल्या तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या. पुढे जगभरात कंपनीचा बाजार ढासळला, भारतात कराचा वाद उभा राहिला, मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये मोबाइलचा व्यवसाय विकत घेताना हा कारखाना वगळला आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी उत्पादन थांबले. त्याच संकुलात नोकियासाठी काम करणारा फॉक्सकॉनचा कारखानाही वर्षाअखेरीस बंद पडला. पंचविशीतल्या कामगारांना हिशेब चुकता करून घरी पाठवण्यात आले. पुढे त्याच जागेत मोबाइलचे चार्जर बनवणारी साल्कॉम्प ही कंपनी आली आणि हा पट्टा पुन्हा मोबाइल उद्योगाचे केंद्र झाला. बंदर, रस्ते आणि काम शिकलेली माणसे तेथेच राहिली होती, म्हणून ते शक्य झाले. नोकियाला दिलेल्या सवलती मात्र नोकियाबरोबरच संपल्या होत्या.

अटींनी गुंतवणूकदार पळतो, हेही आपल्याच देशातील अनुभवाशी जुळत नाही. १९८२ मध्ये सुझुकी २६ टक्के भागभांडवल घेऊन मारुतीत आली, तेव्हा सुटे भाग टप्प्याटप्प्याने भारतातच तयार करण्याची अट तिने मान्य केली होती. गुरुग्राम-मानेसरभोवतीचे सुट्या भागांचे उद्योग त्या अटीतून वाढले, आणि सुझुकी आजही येथे आहे.

राहिले पर्यावरण. ‘आधी कारखाना येऊ द्या’ म्हणणाऱ्यांनी केरळच्या पालक्काड जिल्ह्यातील प्लाचीमडा आठवावे. कोका-कोलाचा तेथील कारखाना २००० मध्ये सुरू झाला. विहिरींचे पाणी आटले आणि बिघडले म्हणून २००२ मध्ये आदिवासी ग्रामस्थांनी आंदोलन सुरू केले आणि २००४ मध्ये उत्पादन बंद झाले. कारखाना जेमतेम चार वर्षे चालला, आणि राज्य सरकारच्या समितीने २०१० मध्ये काढलेला नुकसानीचा अंदाज सुमारे २१६ कोटी रुपयांचा होता. भरपाईसाठी २०११ मध्ये विधानसभेने मंजूर केलेल्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही.