थंडर हरून चॅम्पियन झाले नाहीत

ओक्लाहोमा सिटी थंडर २०२५ मध्ये एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे, चॅम्पियन झाल्यापासून एक दावा सगळीकडे फिरतो आहे, आणि आपल्याकडे पहाटे उठून सामने बघणाऱ्यांच्या गप्पांतही तो हटकून येतो. दावा असा: थंडर काही वर्षं मुद्दाम हरले, हरण्याचं बक्षीस म्हणून त्यांना ड्राफ्टमधले वरचे खेळाडू मिळाले, लॉस एंजेलिस क्लिपर्स या संघाने मूर्खपणाने एक हिरा हातात दिला, आणि शेवटी प्रतिस्पर्ध्याचा प्रमुख खेळाडू जखमी झाला. म्हणून तरुण संघाला वर यायचं असेल तर आधी तळ गाठावा लागतो, छोट्या शहराला तर दुसरी वाटच नाही.

मला हा दावा चुकीचा वाटतोच, पण त्याहून जास्त तो घातक वाटतो. कारण एवढ्या मेहनतीने उभ्या राहिलेल्या संघाकडून शिकायचं काय, तर हरायचं कसं, असा त्याचा अर्थ होतो.

क्रिकेटच्या लिलावाची सवय असलेल्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. आयपीएलमध्ये शेवटच्या क्रमांकावर राहिलं म्हणून लिलावात काही जादा मिळत नाही. एनबीएत नवे खेळाडू ड्राफ्टमधून येतात आणि तळाच्या संघांना आधी निवड करण्याची संधी जास्त असते. पहिले काही क्रमांक लॉटरीने ठरतात. संघ खेळाडूंची अदलाबदल, म्हणजे ‘ट्रेड’, करतात आणि त्यात आपली भविष्यातली निवड, म्हणजे ‘पिक’, दुसऱ्या संघाला देऊही शकतात. सगळा वाद या पिकांवरून आहे.

आता पहिला मुद्दा, ‘मुद्दाम हरले’. हो, हरले. २०२०-२१ मध्ये २२-५०, म्हणजे २२ विजय आणि ५० पराभव, आणि २०२१-२२ मध्ये २४-५८. पहिल्या त्या हंगामात तर अल हॉर्फर्डसारखा धडधाकट, अनुभवी खेळाडू मार्चअखेर घरी बसवला आणि पोरांना मैदानात उतरवलं. डिसेंबर २०२१ मध्ये मेम्फिसने त्यांना १५२-७९ असं, म्हणजे ७३ गुणांनी धुतलं. एनबीएच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा पराभव. हे लपवण्यात अर्थ नाही. पण दावा करणारे इथेच थांबतात. पुढचा प्रश्न विचारतच नाहीत: त्या हरण्यातून मिळालं काय?

मिळाले वरच्या क्रमांकाचे दोन खेळाडू. २०२१ मध्ये लॉटरीने दगा दिला. क्लीव्हलँडचाही हिशेब अगदी तोच, २२-५०. त्यांना तिसरा क्रमांक मिळाला आणि एव्हन मोबली आला, थंडर घसरले सहाव्यावर. त्यांनी जॉश गिडीला घेतलं. पुढच्या वर्षी लॉटरी पावली, दुसरा क्रमांक लागला आणि चेट होल्मग्रेन आला. बस्स. दोन हंगामांच्या मानहानीची मोठी कमाई एवढीच, आणि त्यातला गिडी चॅम्पियन संघात नव्हताच. त्याच्याकडे पुढे येतो.

अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात सुरुवातीला उतरलेले पाच जण बघा. शे गिल्जस-अलेक्झांडर ट्रेडमधून आला, तो २०१८ च्या ड्राफ्टमधला अकरावा. जेलन विल्यम्स २०२२ चा बारावा, तोही क्लिपर्सच्या पिकवर. लू डॉर्टला २०१९ च्या ड्राफ्टमध्ये एकाही संघाने विचारलं नव्हतं. आयझेया हार्टेन्स्टाइन २०२४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कचा संघ सोडून थेट पैशांच्या करारावर आला. उरला होल्मग्रेन. हरण्यातून आलेला पाचांतला एकटा तो, आणि पोट्ट्याचं ओटीपोटाचं हाड मोडल्यामुळे २०२४-२५ च्या हंगामात तो ८२ पैकी ३२ सामनेच खेळला. तरी थंडरने ६८ जिंकले आणि दर सामन्यामागे सरासरी गुणफरकाचा एनबीए विक्रम केला. हरून मिळवलेला खेळाडू बाकावर असताना हे घडलं असेल, तर हरण्याला श्रेय कसं द्यायचं?

‘क्लिपर्सनी आयता हिरा दिला.’ या मुद्द्यावर मला जरा थांबायचं आहे, कारण खरी गोष्ट इथे आहे आणि ती कुणी शेवटपर्यंत सांगत नाही.

जुलै २०१९ मध्ये क्लिपर्सकडे येऊ पाहणाऱ्या कवाय लेनर्ड या बड्या खेळाडूला सोबत थंडरचा पॉल जॉर्ज हवा होता आणि जॉर्जनेही थंडरकडे ट्रेड मागितला होता. थंडरचे जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी यांना कळलं की समोरच्याची गरज दुप्पट आहे: जॉर्ज मिळाला नाही तर लेनर्डही हातचा जाईल. त्यांनी गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी हा खेळाडू, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि दोन वर्षांची पिक बदलून घेण्याची मुभा, एवढं सगळं वसूल केलं. समोरचा अडला होता हे नशीब म्हणा हवं तर. पण त्यांच्या हातात जॉर्ज होता कसा?

जॉर्ज आला होता २०१७ मध्ये इंडियानाकडून, व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमांटस सबोनिस यांच्या बदल्यात. हे दोघे आले होते २०१६ मध्ये ऑर्लँडोकडून, सर्ज इबाकाच्या बदल्यात. इबाकाला २००८ मध्ये चोविसाव्या क्रमांकावर निवडलं होतं, संघ अजून सिएटलमध्ये होता तेव्हा. आणि तो चोविसावा पिकही स्वतःचा नव्हता. २००७ मध्ये फिनिक्सला कर्ट थॉमसचा पगार डोईजड झाला होता, तो पगार आपल्या अंगावर घेतल्याबद्दल फिनिक्सने दिलेला तो पिक. म्हणजे एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) गिल्जस-अलेक्झांडर आणि अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात ४० गुण करणारा जेलन विल्यम्स, या दोघांचं मूळ शोधत गेलं तर आपण पोचतो कुणालाही नको असलेल्या एका पगारापाशी. अठरा वर्षं, एकच माणूस खुर्चीत, आणि दर वेळी हातातली वस्तू किंमत उतरण्याआधी बदललेली. यात हरणं कुठे आहे?

याच साखळीची दुसरी बाजू मला फार आवडते. इंडियानाने २०२२ मध्ये सबोनिसला सॅक्रामेंटोला देऊन टायरीस हॅलिबर्टनला आणलं. म्हणजे २०२५ च्या अंतिम मालिकेत समोरासमोर उभे असलेले दोन्ही संघांचे प्रमुख खेळाडू, थंडरचा गिल्जस-अलेक्झांडर आणि इंडियानाचा हॅलिबर्टन, २०१७ च्या एकाच व्यवहारातून निघाले होते.

यातलं नशीबही मान्य करतो. लेनर्ड गुडघ्यामुळे २०२१-२२ चा पूर्ण हंगाम बाहेर होता, क्लिपर्स प्लेऑफला मुकले, म्हणून त्यांचा पिक बारावा लागला. पण सांता क्लारासारख्या लहान कॉलेजच्या जेलनला बाराव्या क्रमांकावर हेरणं हे नशीब नाही. आणि गिल्जस-अलेक्झांडर आला तेव्हा तो एमव्हीपी नव्हता. क्लिपर्सकडे पहिल्या हंगामात त्याची सरासरी होती १०.८ गुण. २०२४-२५ मध्ये ती ३२.७ झाली. तो घडला ओक्लाहोमात. संघ धडाधड हरत असताना, ऑगस्ट २०२१ मध्ये, त्याने पाच वर्षांचा करार केला आणि राहिला. हा विश्वास पिक देऊन विकत मिळत नाही.

‘हरत राहिलं की कधीतरी लागतंच.’ यावर फिलाडेल्फियाचं नाव घेतलं की पुरे. २०१३ ते २०१६ या तीन हंगामांत त्यांनी ४७ सामने जिंकले आणि १९९ हरले. इतकं उघड, इतकं ठरवून कुणीच हरलं नसेल. जोएल एम्बीड मिळाला, पुढे दोनदा पहिला क्रमांकही मिळाला. तरी २००१ नंतर २०२५ पर्यंत तो संघ एकदाही कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे उपांत्य फेरीला, पोचला नव्हता. शिवाय २०१९ मध्ये लॉटरीचे नियम बदलले. तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची सारखीच, १४ टक्के संधी मिळू लागली. सर्वांत जास्त हरण्यात पूर्वीइतका फायदाही उरला नाही.

मग थंडरने नेमकं काय केलं? माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम अशा खेळाडूंवर आहे ज्यांची नावं त्या दाव्यात येतच नाहीत. अ‍ॅरन विगिन्स, पंचावन्नावा पिक. आयझेया जो, २०२२ मध्ये फिलाडेल्फियाने करार मोडून सोडून दिलेला, म्हणजे हरण्याचा वस्तुपाठ घालून देणाऱ्या त्याच संघाने. आणि डॉर्ट. पहिल्या हंगामात त्याचे शंभरातले तीस थ्रीसुद्धा, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट, पडत नव्हते. समोरचे संघ त्याला मोकळा सोडायचे, मारू दे म्हणायचे. २०२४-२५ मध्ये त्याची टक्केवारी चाळीसच्या वर गेली आणि त्याला मोकळा सोडणं परवडेना. मधल्या काळात थंडरने सॅन अँटोनियोहून चिप एंगलँड हे शूटिंगचे नावाजलेले कोच आणले होते. कोच मार्क डेग्नॉल्ट स्वतः पाच वर्षं ओक्लाहोमाच्या खालच्या लीगच्या संघाला, ब्लूला, शिकवून वर आलेले. हरलेल्या दोन वर्षांत त्यांनी रोटेशन, डिफेन्स, बॉल हलवण्याची पद्धत यावर काम केलं. हरणं बाकीच्यांनाही जमतं. त्या काळात रोज सरावात काय चालतं त्यावर पुढचं ठरतं.

आता गिडी. २०२४ च्या प्लेऑफमध्ये डॅलसने त्याच्यावर माणूसच लावला नाही. त्याला लांबून मारू दिलं आणि मोकळा झालेला डिफेंडर बास्केटजवळ गर्दी करायला वापरला. थंडरला शेवटी गिडीला सुरुवातीच्या पाचांतून काढावं लागलं. मालिका ४-२ अशी गेली. साधारण महिन्याभराने प्रेस्टींनी हा एकवीस वर्षांचा, सहावा पिक शिकागोला देऊन टाकला आणि बदल्यात तिशीतला अ‍ॅलेक्स करूसो घेतला. सोबत एकही पिक मागितला नाही. तेव्हा अनेकांना हा सौदा तोट्याचा वाटला. करूसोही ड्राफ्टमध्ये न निवडला गेलेला, आणि एकेकाळी ब्लूमध्ये डेग्नॉल्टच्याच हाताखाली खेळलेला.

त्या सौद्याचा अर्थ जवळपास वर्षभराने, १८ मे २०२५ ला, डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात दिसला. सात फुटांना जेमतेम इंचभर कमी असलेल्या निकोला योकिचवर त्यांनी साडेसहा फुटांच्या आतला करूसो लावला. करूसो मागे उभा राहिलाच नाही. तो योकिचच्या पुढे, पास आणि योकिच यांच्या मध्ये घुसून उभा राहायचा, एक हात पासच्या वाटेत, कंबर योकिचच्या मांडीला भिडलेली. डोक्यावरून उंच पास टाकला तर मागून मदतीला माणूस तयार. योकिचला बॉल मिळायचा तो उशिरा, बास्केटपासून लांब आणि थकून. थंडर १२५-९३ जिंकले. हरण्याचं फळ देऊन टाकून त्यांनी हा माणूस आणला, तेव्हा ते चॅम्पियन झाले. दावा नेमका उलटा आहे.

‘हॅलिबर्टन पडला म्हणून जिंकले.’ सातव्या सामन्याच्या पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याचा अकिलीस, म्हणजे टाचेमागचा स्नायुबंध, तुटला, हे बघवत नव्हतं, आणि तसं झालं नसतं तर निकाल काय लागला असता हे कुणीच सांगू शकत नाही. पण तो गेल्यावरही हाफटाइमला इंडियाना ४८-४७ पुढे होते. शिवाय तो सामना ओक्लाहोमात होता, कारण ६८ विजय आधीच खात्यात होते.

राहिला ‘छोट्या शहराला दुसरी वाट नाही’ हा मुद्दा. याला उत्तर समोरच्याच बाकावर बसलं होतं. इंडियानापोलिसही छोटंच. त्यांचे हॅलिबर्टन, सियाकम, नेस्मिथ ट्रेडमधून आले, टर्नर अकरावा पिक, नेम्बहार्ड एकतिसावा. मिलवॉकीचा यानिस पंधरावा होता, डेन्व्हरचा योकिच एकेचाळिसावा. दोन्ही शहरांना याच दशकात विजेतेपद मिळालं.

आणि तरुण संघ उभा करणं हे अर्धंच काम. थंडरला हे स्वतःच्या अनुभवावरून माहीत आहे. २०१२ मध्ये ड्युरंट, वेस्टब्रुक, हार्डन आणि इबाका असा पोरांचा संघ अंतिम मालिकेत पोचला होता. चार महिन्यांत करारावर जमलं नाही म्हणून हार्डनला ह्यूस्टनला पाठवलं आणि ती चौकडी पुन्हा अंतिम फेरीत दिसली नाही. जुलै २०२५ मध्ये मात्र दहा दिवसांत गिल्जस-अलेक्झांडर, होल्मग्रेन आणि जेलन या तिघांचेही करार वाढवले. २०२३ च्या नव्या वेतन नियमांनुसार एवढे पगार एकत्र आले की बाकीच्या जागा स्वस्तात भराव्या लागतात, आणि त्या भरायला पिक हवेत. साठवलेल्या पिकांचा खरा उपयोग हा आहे.

विजेतेपदानंतर तिसऱ्याच दिवशी, २५ जूनला ड्राफ्ट झाला. लीगमध्ये सर्वांत जास्त सामने जिंकलेल्या थंडरने पंधराव्या क्रमांकावर टॉमस सोर्बर हा उंच सेंटर घेतला. तो पिक मायामीचा होता, आणि थंडरकडे आला होता २०१९ च्या त्याच पॉल जॉर्ज व्यवहारातून.