‘जीपीएस आहे’ म्हणजे नक्की काय आहे?

स्मार्टवॉचच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘जीपीएस’. बरं, कुठलं? ते बारीक टायपात, सतराव्या ओळीत: ‘कनेक्टेड’. म्हणजे घड्याळात जीपीएसची चिपच नाही. खिशातला फोन जागा सांगणार आणि घड्याळ फुशारकी मारणार! फोन घरी ठेवून पळा, की हाताच्या हेलकाव्यांवरून पावलं मोजून अंतर ठोकून देतं.

‘बिल्ट-इन’ घेतलंत, सुटलात? छे! आता मेनूत घुसा. फक्त जीपीएस, सगळ्या प्रणाली, ड्युअल बँड, वर ‘ऑटो’. ग्लोनास, गॅलिलिओ, बेईदोऊ ही रशिया, युरोप, चीनच्या उपग्रह प्रणालींची जंत्री ऐकून छाती दडपते, पण उंच इमारतींमधला खरा घोळ वेगळाच. सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा येतो आणि नकाशावर तुम्ही लोकांच्या दिवाणखान्यातून धावता. तिथे कामाला येतो १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या एल१ या उपग्रह-सिग्नलसोबत ११७६.४५चा एल५ही ऐकणारा ड्युअल बँड. एवढं खोक्यावर छापायला शाई संपते का?

बॅटरीचे ते भलेमोठे तास? बहुतेकदा सगळ्यात कंजूस मोडचे. तो अधूनमधून जागा टिपतो, मधली वळणं सरळ कापतो आणि अंतर खातो. वा रे बचत!

आणि उपग्रह सापडायच्या आतच ‘स्टार्ट’ दाबणारे महाभाग! फोनशी सिंक करून ताजी माहिती घेतलेली नसेल, तर उपग्रहाच्या कक्षेचा तपशील उतरायलाच साधारण ३० सेकंद लागतात. उघड्या आकाशाखाली तेवढं उभं राहवत नाही, आणि पहिला किलोमीटर गंडला की शिव्या कुणाला? घड्याळाला!